दसरा ते जून : संस्थेच्या नव्या संकेतस्थळाचा अनुभव

सोलापूरच्या पूर्व भागात विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या मुलांसाठी अभ्यासिका व शिष्यवृत्ती चालविणाऱ्या एका लहान न्यासाचे कार्यालयीन काम मी पाहतो. २०२४च्या दसऱ्याला आमचे संकेतस्थळ नव्या रूपात सुरू झाले. मार्चअखेरच्या देणग्या, मे महिन्यातील प्राप्तिकराची विवरणपत्रे आणि जूनमधील शिष्यवृत्तीचे अर्ज असा कामाचा पूर्ण हंगाम त्यावर पार पडल्यानंतरच हा अनुभव लिहीत आहे. माझ्या मते देखणेपणावर केलेला खर्च फारसा कामी आला नाही. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकाला अक्षरे म्हणून ओळखता येतील अशा सर्वमान्य संकेतांत, आणणे आणि देणगीचा अर्ज नीट बांधणे, या दोन कंटाळवाण्या कामांनीच पैसे वसूल केले.

जुन्या संकेतस्थळावरील मराठी मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये होता आणि वार्षिक अहवाल म्हणजे स्कॅन केलेली पाने होती. डोळ्यांना सारे ठीक दिसे. परंतु संस्थेचे नाव मराठीत टाइप करून गुगलवर शोधले, तर आमचे पान काही केल्या वर येत नसे, कारण त्या पानात संगणकाच्या लेखी मराठी अक्षरेच नव्हती. काम घेतलेल्या कंपनीने सगळा मजकूर रूपांतरकातून काढला आणि तसाच चढविला. जुन्या फॉन्टांत रफार आणि पहिली वेलांटी दिसण्याच्या क्रमाने साठविलेली असते, उच्चाराच्या नव्हे. त्यामुळे ‘विद्यार्थिनी’चे ‘विद्याथिर्नी’ आणि ‘कार्यकर्त्या’चे ‘कायर्कत्यार्’ होऊन बसले. अभ्यासिकेतील मोठ्या मुलींनी पानन्‌पान वाचून ते दुरुस्त केले, आणि आज नावाने शोधले असता आमचे पान मिळते. हे काम करारात स्वतंत्र कलम म्हणून लिहून घ्यावे आणि त्याचा मोबदलाही स्वतंत्र द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन.

मांडणीचा नमुना आम्हाला प्रथम इंग्रजी मजकूर घालून दाखविण्यात आला होता. मराठी मथळे बसविताच खालचे उकार कापले जाऊ लागले, कारण ओळींमधील अंतर इंग्रजी अक्षरांच्या उंचीवर बेतलेले होते. फिकट राखाडी अक्षरांची हौस हा आणखी एक ताप. आमचे निम्मेअधिक देणगीदार निवृत्त शिक्षक आणि बँक कर्मचारी आहेत. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातील उठाव (उजळपणातील फरक) किमान ४.५ : १ असावा, हा सुलभतेचा आंतरराष्ट्रीय निकष दाखविल्यावर कुठे अक्षरे काळी झाली. पहिल्या पानावरील सरकती छायाचित्रे मात्र विश्वस्तांच्या इच्छेखातर राहिली. ती कोणी पाहत असेल असे मला वाटत नाही.

देणगीच्या पानाविषयी अधिक लिहावे लागेल. आमची पहिली मागणी साधी होती : क्यूआर कोड ठळक दिसावा. तो दिसलाही, पण बहुतेक लोक संकेतस्थळ मोबाइलवरच उघडतात आणि ज्या मोबाइलवर कोड दिसतो, त्याच मोबाइलच्या कॅमेऱ्याने तो स्कॅन करणार कसा? त्यामुळे कोडाखाली थेट यूपीआय ॲप उघडणारे बटण द्यावे लागले. दुसरी अडचण पावतीची होती. यूपीआयने आलेल्या रकमेपुढे बँकेच्या उताऱ्यात फार तर नाव आणि व्यवहार क्रमांक असतो. प्राप्तिकर कायदा, १९६१च्या ८०जी कलमाखाली (देणगीदाराला करात वजावट देणारे कलम) नोंदणी असलेल्या संस्थेला मात्र या हंगामात आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत १०बीडी या नमुन्यात देणगीदाराचे नाव, पत्ता, पॅन आणि रक्कम भरावी लागत होती, आणि त्यावरून निघणारे १०बीई प्रमाणपत्र त्याला द्यावे लागत होते. विवरण उशिरा गेल्यास दिवसाला २०० रुपये शुल्क होते. पूर्वी एप्रिल-मे हे दोन महिने मी केवळ फोन करून पॅन गोळा करीत असे. आता आधी छोटा अर्ज आणि मग पैसे, असा क्रम ठेवला आहे. अर्ज पाहून काही जण परत फिरतात, हे खरे आहे, आणि खजिनदारांचा त्यावर आजही आक्षेप आहे. तरीही मे महिन्यात विवरण वेळेत गेले, ही गोष्ट माझ्या लेखी मोठी आहे. २,००० रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीस वजावट नाही आणि नव्या करप्रणालीत ती मुळीच मिळत नाही, ही दोन वाक्ये बटणाच्या वरच छापल्यामुळे चौकशीचे फोनही बरेच घटले.

शिष्यवृत्तीच्या सूचना तेलुगूतही असाव्यात, असे एका विश्वस्तांचे म्हणणे होते आणि ते वरवर योग्यच होते. परंतु आमच्याकडे येणाऱ्या अनेक आया घरी तेलुगू बोलत असल्या, तरी शिकल्या असतील तेवढ्या मराठी शाळेत शिकल्या आहेत. तेलुगू लिपी त्यांना वाचता येत नाही. म्हणून पानाऐवजी तेलुगूत बोललेली छोटी ध्वनिफीत ठेवली. सोलापूरजवळच्या कुंभारी गावातील विडी कामगार वसाहतीत ती व्हॉट्सॲपवरून आपोआप फिरली, आणि जूनमध्ये उत्पन्नाचा दाखला न जोडता आलेले अर्ज स्पष्टपणे कमी होते. पूर्ण नूतनीकरणात सर्वांत कमी खर्चाची गोष्ट हीच असावी.

मुलांची छायाचित्रे पालकांच्या लेखी संमतीशिवाय चढवायची नाहीत, हा नियम आता कसोशीने पाळला जातो.

तक्रार आहे ती देखभालीची. संकेतस्थळ वर्डप्रेस या संकेतस्थळे बांधण्याच्या प्रणालीवर आहे. ती प्रणाली मुक्त आणि विनामूल्य आहे, पण तिच्यावर बसविलेली थीम (मांडणीचा साचा) आणि अर्जाचे प्लगिन (जोड-प्रणाली) यांचे परवाने वार्षिक आहेत, हे आम्हाला कंपनीने काम संपताना सांगितले. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे नेमक्या नको त्या वेळी, एका अपडेटनंतर अर्जातून पावतीचे ईमेल जाणे बंद झाले, आणि कंपनीचे उत्तर येईपर्यंत पावत्या हातानेच पाठविल्या. याउलट बातमी चढविणे, फोटो बदलणे, अहवाल जोडणे ही कामे अभ्यासिकेची व्यवस्थापिका स्वतः करते. डोमेनची, म्हणजे संकेतस्थळाच्या पत्त्याची, नोंदणी कंपनीने स्वतःच्या खात्यावर केली होती. ती संस्थेच्या नावावर आणण्यासाठी बरीच पत्रे लिहावी लागली. आता डोमेन आणि होस्टिंग (संकेतस्थळ ठेवण्याची जागा) या दोन्हींचे पासवर्ड इतिवृत्ताच्या वहीबरोबर कार्यालयाच्या कपाटात आहेत, आणि पुढील वर्षाच्या देखभालीसाठी सोलापुरातीलच, बोलाविल्यावर कार्यालयात येऊ शकेल अशा माणसाकडून दरपत्रक मागविले आहे.