डीटीएच घेताय? आधी गॅलरी बघा, मग पॅक

कोणतं डीटीएच घ्यावं, असं कुणाला विचारलं की समोरचा लगेच ऑफर सांगायला लागतो. एक महिना फुकट, बॉक्सवर सूट, अमुक ॲप मोफत. मराठी घरासाठी या सगळ्याला फारसा अर्थ नाही, कारण टाटा प्ले, एअरटेल, डिश टीव्ही, डीटूएच या चौघांकडेही मराठी चॅनल जवळजवळ सारखेच आहेत. खरा फरक दोनच गोष्टींत पडतो: तुमच्या गच्चीवरून किंवा गॅलरीतून कोणाचा उपग्रह दिसतो, आणि महिन्याचं बिल कसं तयार होतं. पहिली गोष्ट दुकानदार कधीच विचारत नाही, आणि पावसाळ्यात सगळ्यांत जास्त त्रास तीच देते.

हे सगळे उपग्रह विषुववृत्ताच्या वर उभे असतात. महाराष्ट्रातून ते दक्षिण ते पूर्व या पट्ट्यात येतात, पण प्रत्येकाची जागा वेगळी. टाटा प्लेचा उपग्रह ८३ अंश पूर्व रेखांशावर आहे, डीटूएचचा ८८, दूरदर्शनच्या मोफत डीडी फ्री डिशचा ९३.५, डिश टीव्हीचा ९५ आणि एअरटेलचा १०८.२. पुण्यात उभं राहून होकायंत्र धरलं तर टाटा प्ले उत्तरेपासून १५३ अंशांवर, म्हणजे दक्षिणेकडून थोडं पूर्वेला, आणि क्षितिजापासून तब्बल ६६ अंश उंच. डीटूएच १४२ अंशांवर, उंची ६३. फ्री डिश १३२ वर, जवळजवळ नेमकी आग्नेय, उंची ५९. डिश टीव्ही त्याच्या शेजारीच, दोन-तीन अंश पूर्वेला. एअरटेल मात्र ११५ अंशांवर, बरंच पूर्वेकडे, आणि उंची फक्त ४५. मुंबईत या आकड्यांत एक-दोन अंश इकडेतिकडे. नागपूर पूर्वेला असल्याने तिथे टाटा प्ले जवळजवळ थेट दक्षिणेला, १६९ अंशांवर जातो आणि एअरटेल १२३ अंशांवर, उंची ४९.

हे आकडे कोरडे वाटतील, पण शहरातल्या फ्लॅटमध्ये निर्णय त्यांच्यावरच होतो. समजा, त्या दिशेला दहा मीटरवर दुसरी इमारत आहे. एअरटेलसाठी ती तुमच्या डिशपेक्षा दहा मीटरहून उंच चालणार नाही, म्हणजे साधारण तीन मजले. फ्री डिशसाठी सोळा मीटर चालेल. टाटा प्लेसाठी बावीस, म्हणजे सात मजले. दाटीवाटीच्या सोसायटीत खालच्या मजल्यावर राहत असाल आणि गॅलरी दक्षिणेला असेल, तर टाटा प्ले किंवा डीटूएच बसण्याची शक्यता जास्त. गॅलरी सरळ पूर्वेला उघडत असेल आणि समोर मोकळं मैदान असेल, तर एअरटेल बिनधास्त घ्या. तिथे टाटा प्लेला तुमच्याच इमारतीची भिंत आडवी येईल. फक्त पश्चिम किंवा उत्तरेची गॅलरी असेल तर यातलं काहीच तिथून लागणार नाही, डिश गच्चीवरच न्यावी लागेल. तेव्हा सोसायटीची परवानगी आणि केबलची लांबी हे दोन विषय आधी मिटवा.

अंदाज घेताना एक फसगत होते. या डिश ऑफसेट प्रकारच्या असतात: आडव्या दांडीवर पुढे आलेला एलएनबी, म्हणजे सिग्नल पकडणारा छोटा डबा, मधोमध नसून खालच्या बाजूला असतो. त्यामुळे पत्रा दिसतो त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर त्याची नजर असते. डिश समोरच्या भिंतीकडे तोंड करून बसल्यासारखी वाटली तरी ती प्रत्यक्षात भिंतीच्या वरून बघत असते. नुसत्या डोळ्यांनी ‘इथे नाही बसणार’ म्हणू नका. मोबाइलचं होकायंत्र वापरायचं तर लोखंडी ग्रिलपासून दोन पावलं लांब उभं राहून वापरा, ग्रिलजवळ ते खुशाल वीस अंश चुकीचं दाखवतं.

सूर्याकडून फुकटात खात्री करून घेता येते. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य आपल्याकडून बघताना या उपग्रहांच्या रांगेतूनच जातो. पुण्यात त्या दिवसांत सकाळी दहा-सव्वादहाला तो एअरटेलच्या जागी असतो, सव्वाअकराच्या सुमारास फ्री डिशच्या आणि बाराला टाटा प्लेच्या. ऑक्टोबरच्या सुरुवातीला हेच सगळं वीसेक मिनिटं आधी. ज्या वेळी तुमच्या ठरवलेल्या जागेवर स्वच्छ ऊन पडतं, त्या वेळचा उपग्रह तुम्हाला दिसतो. आंब्याच्या फांदीची किंवा नारळाच्या झावळीची सावली पडत असेल तर जागा बदला, कारण ओलं पान सिग्नल कोरड्या पानापेक्षा कितीतरी जास्त अडवतं. याच दिवसांत रोज काही मिनिटं चित्र फुटतं किंवा जातं, त्याला घाबरून कस्टमर केअरला फोन करू नका. सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे आलेला असतो, आठवड्याभरात ते आपोआप थांबतं.

पावसात टीव्ही का जातो, हेही इथेच. डीटीएच ज्या केयू बँडवर चालतं त्याच्या लहरी पावसाच्या थेंबांत शोषल्या जातात. डिश आकाशात जितकी खाली बघते तितका तिचा मार्ग पावसाच्या थरातून लांब जातो. ४५ अंशांवरचा हा मार्ग ६६ अंशांवरच्या मार्गापेक्षा जवळजवळ तीस टक्क्यांनी जास्त भरतो. उपग्रहाची ताकद आणि डिशचा आकार यांनी हिशेब बदलतो, म्हणून एवढ्यावरून कंपनी बाद करू नका. पण कोकणात, गोव्यात, घाटमाथ्यावर राहत असाल तर ६० सेंटीमीटरच्या नेहमीच्या डिशऐवजी ७५ किंवा ९० ची मागा, जास्तीचे पैसे द्यावे लागले तरी. ९० सेंटीमीटरच्या डिशचं क्षेत्रफळ ६० च्या सव्वादोनपट असतं, तेवढाच जास्त सिग्नल ती गोळा करते. साध्या सरीत टीव्ही टिकतो. ढगफुटीसारख्या पावसात कुणाचाच टिकत नाही. गंमत म्हणजे कधीकधी पाऊस तुमच्या अंगणात यायच्या आधीच चित्र जातं, कारण ढग आधी आग्नेयेला, उपग्रहाच्या वाटेत आलेला असतो.

आता बसवणं. निम्म्या तक्रारींचं मूळ इथे असतं, आणि टेक्निशियन घाईत असतो. खांब ओळंब्यात हवा. तो तिरका असेल तर दिशा आणि उंची एकत्र कधी जुळत नाहीत. डिश चार अँकर बोल्टांवर, काँक्रीटमध्ये. नुसत्या प्लास्टरमध्ये किंवा विटांच्या कठड्याच्या कडेला ठोकली तर जूनच्या पहिल्या वाऱ्यात ती एक-दोन अंश हलते आणि तेवढ्यात सिग्नल जातो. समुद्राकाठी बोल्ट गॅल्व्हनाइज्डच घ्या आणि दर मे महिन्यात गंज बघा.

केबल आरजी-६ असावी आणि डिशपासून बॉक्सपर्यंत अखंड, मध्ये जोड न देता. तीस मीटरच्या आत राहिली तर उत्तम. केबलच्या टोकाला लागणाऱ्या एफ-कनेक्टरमधली तांब्याची तार दोन-तीन मिलिमीटर बाहेर दिसली पाहिजे आणि भोवतीच्या जाळीचा एक केसही तिला लागता कामा नये. एलएनबीपाशी केबलला खाली झोका द्यायचा, म्हणजे पाणी तिथून ठिबकतं, कनेक्टरमध्ये शिरत नाही. कनेक्टरवर साधी काळी इन्सुलेशन टेप एका पावसाळ्यात सुटते. ताणून गुंडाळली की स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप मागा, नाहीतर स्वतः आणून द्या. पन्नास-शंभर रुपयांचा मामला आहे.

टेक्निशियन जाण्याआधी सेटिंगमध्ये सिग्नलचं पान उघडायला सांगा. तिथे दोन पट्ट्या असतात: स्ट्रेंथ आणि क्वालिटी. पहिली भरलेली असून उपयोग नाही, दुसरी बघा. तिचा आकडा कागदावर लिहून ठेवा. पुढे कधी तक्रार झाली की तुलना करता येते. स्ट्रेंथ चांगली, क्वालिटी पडलेली, तर डिश हललेली असते किंवा वाटेत झाड वाढलेलं असतं. दोन्ही शून्य असतील तर केबल तुटली, एलएनबी गेला किंवा कनेक्टरमध्ये पाणी गेलं. आणि अर्धे चॅनल दिसतात, अर्धे ‘सिग्नल नाही’ म्हणतात, अशी विचित्र तक्रार आली तर बहुतेक वेळा केबलचाच दोष. बॉक्स एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट पाठवून कोणत्या ध्रुवणाचे, म्हणजे आडव्या की उभ्या लहरींवरचे, चॅनल हवेत ते सांगतो. सडक्या कनेक्टरमधून किंवा फार लांब केबलमधून १८ पोहोचेपर्यंत कमी होतं आणि चॅनलांचा एक पूर्ण गट गायब होतो. यासाठी नवा बॉक्स विकत घेऊ नका.

घरात दोन टीव्ही असतील तर दोन तोंडांचा एलएनबी आणि प्रत्येक बॉक्सला वेगळी केबल लागते. एकाच केबलवर बाजारातला स्प्लिटर लावून दोन बॉक्स चालवायचा प्रयत्न करू नका; दोन्ही बॉक्स आपापलं व्होल्टेज पाठवतात आणि एकमेकांचे चॅनल पाडतात.

बिलाकडे येऊ. फेब्रुवारी २०१९ पासून दूरसंचार नियामक ट्रायच्या नव्या दरपद्धतीत बिलाचे दोन भाग झाले: नेटवर्क कपॅसिटी फी, म्हणजे नुसत्या जोडणीचे पैसे, आणि पैसे देऊन घेतलेले चॅनल. जोडणीची फी तेव्हा शंभर एसडी चॅनलांसाठी कमाल १३० रुपये होती, पुढे त्याच पैशात दोनशे चॅनल आले. जुलै २०२४ मध्ये ट्रायने ही कमाल मर्यादाच काढली आणि फी ठरवणं कंपन्यांवर सोडलं. म्हणून आता दोन कंपन्यांची तुलना करताना पॅकची किंमत न विचारता ‘सगळं धरून, १८ टक्के जीएसटीसकट महिन्याला किती’ एवढंच विचारा. जोडणीचे १३० आणि चॅनलांचे १५० धरले तर २८० होतात, पण खात्यातून ३३० रुपये ४० पैसे जातात. जाहिरातीत बहुधा पहिला आकडा असतो. दुसऱ्या टीव्हीची फी वेगळी असते आणि कंपनीगणिक बदलते, तीही आधीच विचारा.

मराठी घराला चॅनल किती लागतात? झीच्या मराठी पॅकमध्ये झी मराठी, झी टॉकीज, झी युवा येतात. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी हे २०२४ च्या विलीनीकरणानंतर एकाच घरचे झाले, दोन्ही जिओस्टारचे. सोनी मराठी आणि सन मराठी लागले तर एकेक सुटे घ्या. बातम्यांचे मराठी चॅनल बहुतेक फुकट किंवा अगदी स्वस्त. कंपनीने बनवलेल्या मोठ्या ‘मराठी प्रीमियम’ पॅकमध्ये हिंदी चित्रपट, लहान मुलांचे आणि खेळांचे चॅनल भरलेले असतात. घरात क्रिकेट बघत नसतील तर खेळांचे चॅनल काढा, बिल तिथेच सगळ्यांत जास्त उतरतं. एकाच चॅनलची एसडी आणि एचडी अशी दोन्ही रूपं चालू राहिली आहेत का तेही तपासा. पैसे दोन्हींचे जातात आणि बघता एकच.

सहा महिन्यांचा किंवा वर्षाचा रिचार्ज स्वस्त पडतो, पण मधे पॅक कमी केला तर फायदा उरतो का, हे लेखी विचारून घ्या. ऑफरची मुदत संपल्यावर पॅक आपोआप महागड्यात जातो, अशी तक्रार या धंद्यात जुनी आहे. त्यासाठी ॲपमधला खात्याचा तपशील महिन्यातून एकदा बघावा. कस्टमर केअरने दाद दिली नाही तर तक्रार क्रमांक घेऊन कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे जा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

कंपन्यांबद्दल थोडक्यात. टाटा प्लेचा उपग्रह सगळ्यांत उंच, म्हणून उंच इमारतींच्या गर्दीत पहिला विचार त्याचा. एअरटेल मोकळी पूर्व असलेल्यांसाठी, आणि घरात त्यांचंच ब्रॉडबँड असेल तर एकत्रित बिलासाठी. डिश टीव्ही आणि डीटूएच २०१८ पासून एकाच कंपनीत आहेत, पण उपग्रह वेगळे. एक बसला नाही तर दुसरा विचारून बघावा. सन डायरेक्टचा भर दक्षिणेच्या भाषांवर आहे, घरात कन्नड किंवा तेलुगू बघणारं कुणी असेल तर त्याचा दर जरूर काढा. कंपनी बदलताना जुनी डिश आणि केबल सुस्थितीत असेल तर पुन्हा फिरवून वापरता येते, बॉक्स मात्र दुसऱ्याकडे चालत नाही.

गावाकडच्या घरासाठी, किंवा वर्षातून गणपती आणि मे महिन्यातच उघडणाऱ्या घरासाठी डीडी फ्री डिश सोडून दुसरं काही घेऊ नये. महिन्याचं शुल्क शून्य, डिश आणि बॉक्सचा एकदाच खर्च. सह्याद्री हमखास, खाजगी मराठी चॅनल लिलावात जागा मिळेल तसे येतात-जातात, त्यामुळे एखाद्या मालिकेसाठी यावर विसंबू नका. बॉक्स एमपीईजी-४ चाच घ्या, स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या एमपीईजी-२ बॉक्सवर काही चॅनल दिसतच नाहीत. नवा टीव्ही असेल तर बॉक्स घेण्याआधी त्याची मागची बाजू बघा. अँटेनाच्या भोकाशेजारी आटे असलेलं दुसरं भोक असेल आणि त्यावर ‘एलएनबी’ किंवा ‘सॅटेलाइट’ लिहिलेलं असेल, तर केबल थेट तिथे लावायची. मेनूत उपग्रह म्हणून जीसॅट-१५ निवडायचा, एलएनबीची वारंवारता ९७५०-१०६०० (युनिव्हर्सल) ठेवायची आणि शोध सुरू करायचा.