लॉनला खत: युरिया, सावकाश सुटणारं खत की गांडूळखत?

पहिल्या वर्षी मी लॉनवर युरिया मुठीनं फेकला होता. आठवड्याभरात मी कुठून कसा चाललो याचा नकाशाच गवतावर उमटला. मूठ पडली तिथे गडद हिरवे पट्टे, मधे पिवळट गल्ल्या, आणि बादली टेकवताना थोडा सांडला तिथे ताटाएवढा जळका गोल. खतात खोट नव्हती, हातात होती. त्यामुळे सेंद्रिय की रासायनिक या वादापेक्षा आपला हात कसा आहे आणि किती लक्ष देणं जमणार आहे, हे आधी पाहावं असं माझं मत झालंय.

मुळं नत्र (नायट्रोजन) घेतात ते मुख्यतः नायट्रेट किंवा अमोनियमच्या रूपात. ते गोणीतून आलं की शेणातून, याचं त्यांना काही नाही. फरक पडतो तो वेगात आणि वजनात. 1000 चौरस फुटांना एका वेळी साधारण 450 ग्रॅम नत्र पुरतं. युरियात नत्र 46 टक्के, म्हणजे 1 किलो झाला. निंबोळी पेंडीत 4-5 टक्के धरलं तर 10 किलो लागेल. गांडूळखतात दीड टक्का धरला तर 30 किलो, आणि त्यातलंही सगळं त्याच हंगामात हाती लागत नाही.

युरिया स्वस्त, आणि गवत आठवड्याभरात हिरवं दिसायला लागतं. पण तो जमिनीवर तसाच पडून राहिला तर त्याचा अमोनिया होऊन नत्र हवेत उडून जातं, म्हणून टाकल्यावर लगेच पाणी हवं. पाती मात्र टाकताना कोरडी असावीत, ओल्या पात्याला दाणा चिकटला की तिथे करपतं. मी आता वजन करून दोन भाग करतो. एक उभा फेकायचा, दुसरा आडवा. मोठा पाऊस येणार असेल तर टाकतच नाही, कारण विरघळलेलं नत्र वाहून ओढ्या-तळ्यात जातं आणि तिथे शेवाळ माजतं. जास्त झाला तर गवत नुसतं लुसलुशीत वाढतं, सारखं कापावं लागतं आणि बुरशीला आयतं खाद्य मिळतं.

सावकाश सुटणाऱ्या खतात दाण्यावर गंधकाचं किंवा पॉलिमरचं आवरण असतं. पाणी आत झिरपतं, नत्र हळूहळू बाहेर येतं आणि एकदा टाकलं की दोन-तीन महिने बघावं लागत नाही. हात थोडा चुकला तरी करपण्याची भीती कमी. महाग असतं, आणि पिवळं पडलेलं लॉन चार दिवसांत सावरायचं असेल तर उपयोगाचं नाही. पिशवीवर सावकाश सुटणारं नत्र किती टक्के आहे ते जरूर वाचा. पुष्कळ पिशव्यांत थोडंच असतं, बाकी साधा युरिया. ज्याला महिन्या-महिन्याला खताच्या मागे लागायला वेळ नाही, त्याला मी हेच सुचवीन.

गांडूळखताकडे मी मातीचं औषध म्हणून बघतो. वाळूसारखी जमीन पाणी धरायला लागते, चिकट जमीन मोकळी होते. थंडीत मातीतले जीवाणू मंदावतात, तेव्हा नत्रही सावकाश सुटतं. चाळून अर्धा सेंटीमीटर थर द्यायचा आणि पात्यांची टोकं वर दिसेपर्यंत खराट्यानं झाडायचं. अर्धवट कुजलेलं शेणखत मात्र आणू नका, त्याच्याबरोबर तणाचं बी फुकट येतं.

कोणतंही घेण्याआधी खाली वाकून पातं बघा. खालची जुनी पाती पिवळी असतील तर बहुधा नत्र कमी आहे. कोवळी पाती पिवळी आणि शिरा हिरव्या दिसत असतील तर लोह कमी पडतंय, आणि तिथे युरिया ओतून काही होणार नाही. फेरस सल्फेट देणार असाल तर फरशीवर सांडू देऊ नका, तांबडे डाग निघत नाहीत. जमलेल्या लॉनला 19:19:19 (नत्र, स्फुरद म्हणजे फॉस्फरस आणि पालाश म्हणजे पोटॅश, प्रत्येकी 19 टक्के असलेलं खत) लोक सर्रास देतात. माती परीक्षणात स्फुरद कमी निघालं नसेल तर तो खर्च मला पटत नाही.

आणि कापलेलं गवत. ते बारीक असेल तर लॉनवरच राहू द्यावं, वर्षाच्या नत्राचा चौथा हिस्सा त्यातूनच परत मिळू शकतो. मी कित्येक वर्षं ते पोत्यात भरून टाकून देत होतो.