गीर वळूची कांडी एचएफच्या गोठ्यात: पाचपैकी चार गुण

आमच्याकडच्या एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन, भरपूर दूध देणारी विदेशी जात) संकरित गाईंना गोचीड तापानं जेरीस आणलंय. हा ताप म्हणजे थायलेरिया, तो झाला की डोळ्यांच्या कडा पांढऱ्याफटक पडतात, दूध आटतं, इंजेक्शनांचं बिल वेगळंच. म्हणून काही गाईंना गीर या देशी जातीच्या वळूची कांडी (गोठवलेल्या वीर्याची बारीक नळी) भरून घेतली. झालेल्या कालवडींची कातडी ढिली. माशी बसली की नुसती थरथरवून उडवतात. गोचीड लागतात, पण आयांच्या कासेला लगडतात तसे नाहीत. दूध आईइतकं मिळणार नाही, हे धरूनच चाला. आणि लम्पीची लस टोचायचीच, २०२२ मध्ये देशी जनावरंही सुटली नव्हती.

रेतन करणारे दादा माजाची वेळ सांभाळून येतात. कांडी ३७ अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरतात, काखेत दाबून गरम करत नाहीत (असले महाभागही बघितलेत!). एक गुण कापला तो पावतीवर वळूचा नंबर लिहायला कुरकुर करतात म्हणून. नंबर कांडीवर छापलेला असतो, रिकामी कांडी मागून घ्या. नाहीतर उद्या लेकीला बापाचीच कांडी भरली जाईल.