आठवी पायरी

सात महिने माझ्या खात्यात एकही सौदा तोट्यात बंद झाला नाही. मी फसलो तो इथंच, कारण तो आकडा खोटा नव्हता.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीत दिवाणजी आहे. तीस वर्षं दुसऱ्याचे हिशेब तपासतोय. तरी ऑगस्ट २०२३ मध्ये विश्रामबागेतल्या एका काचेच्या ऑफिसात ४,००० डॉलर, म्हणजे तीन लाख तीस हजारांच्या आसपास, सोन्याचे सौदे आपोआप करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, म्हणजे बॉटवर, लावून आलो. बॉटचे पंचवीस हजार वेगळे. ऑफिसातला पोरगा गोड बोलायचा. "काका, तुम्ही निवांत झोपा, बॉट जागा आहे." फायद्यातले ३० टक्के त्याचे. तोट्यातले किती, हे मी विचारलंच नाही. दर महिन्याला अकरा-साडेअकरा हजार हातात पडायचे, मग कोण विचारतंय?

बॉट काय करायचा ते आता कागदावर मांडलंय. सोनं २,०५० डॉलरला असताना जवळ नसलेला एक औंस आधी विकायचा, भाव पडला की स्वस्तात घेऊन मिटवायचा. एक औंस म्हणजे ०.०१ लॉट. भाव उलटा दहा डॉलर चढला की दुप्पट विकायचा, दोन औंस. अजून दहा चढला की चार. मग आठ, सोळा, बत्तीस. ठरावीक अंतरावर सौदे पेरत जाणं म्हणजे ग्रिड, हरलं की डाव दुप्पट करणं म्हणजे मार्टिंगेल. इथं दोन्हींचं लग्न लावलेलं. डाव दुप्पट होत असल्यानं सरासरी भाव कायम शेवटच्या सौद्याच्या जवळ राहतो. त्यामुळं भाव साधारण एक पायरी मागं आला की सगळी माळ फायद्यात सुटते. आणि बहुतेक वेळा तो येतोच. स्टॉपलॉस, म्हणजे ठरावीक तोट्यावर सौदा आपोआप तोडायचा हुकूम, नसतो, म्हणून तोट्यात काही बंदच होत नाही.

मी रोज मोबाइलवर बॅलन्स बघायचो. त्यात फक्त मिटलेले सौदे धरतात. उघड्या सौद्यांचा तोटा वजा करून उरते ती इक्विटी, ती खालच्या ओळीत असते. येणी-देणी सोडून नुसता गल्ला मोजणाऱ्या अडत्याला मी वेड्यात काढलं असतं.

१ मार्च २०२४ ला, शुक्रवारी, सोनं २,०५० च्या खालून उठलं ते २,०८० च्या पार गेलं. चार पायऱ्या. सोमवारी २,०९०, २,१००, २,११०. मंगळवारी २,१२० ला आठवी लागली, एकटी १२८ औंसांची. एकूण विक्री २५५ औंस. म्हणजे ४,००० डॉलरवाल्या माणसानं ५ लाख ४० हजार डॉलरचं सोनं विकून ठेवलं होतं! पाचशेपट लिव्हरेजची कृपा, म्हणजे एका डॉलरवर पाचशे डॉलरचा सौदा. तोटा २,४७० डॉलर. पहिल्या पायरीवर भाव एक डॉलर चढला तर एकच डॉलर जायचा, आता २५५ जात होते. मी फोन लावला. "काका, हात लावू नका, येतोय मागं." २,१२४ च्या आसपास मार्जिन, म्हणजे सौदे उघडे ठेवायला लागणारी अनामत, पुरेना आणि ब्रोकरच्या यंत्रणेनं सगळे सौदे आपोआप कापले. उरले साडेपाचशे डॉलर, ते काढायचा अर्ज अजून 'प्रोसेसिंग'मध्ये आहे.

जाब विचारायला गेलो तर तो म्हणाला, दहा वर्षांची बॅकटेस्ट, म्हणजे जुन्या भावांवर बॉट चालवून काढलेला हिशेब, दाखवली होती की. दाखवली होती. आमच्याकडं २००५ च्या पुराच्या खुणेवर दोन फूट जोतं घेऊन बांधलेली घरं २०१९ ला पाण्यात गेली. जोतं घेताना खूण खरीच होती.

नंतर कळलं की आतेभावालाही त्यानंच बॉट दिलेला, पण तो फक्त खरेदी करणारा. त्या आठवड्यात भाऊ फायद्यात होता आणि त्याच्या खात्याचे फोटो नव्या गिऱ्हाइकांना दाखवले जात होते. भाव पडला असता तर माझे दाखवले असते. शिवाय प्रत्येक लॉटमागं ब्रोकरकडून त्याला कमिशन. दुप्पट-दुप्पट करत जाणारा बॉट त्याला का आवडतो, हे वेगळं सांगायला नको.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला, तक्रार दिली. पहिला प्रश्न आला, पैसे बाहेर गेले कसे? त्यानं दिलेल्या एका अनोळखी माणसाच्या बँक खात्यात मी भरले, पुढं त्यांचे यूएसडीटी, म्हणजे डॉलरच्या भावाशी बांधलेलं क्रिप्टो चलन, झाले. अशा परदेशी प्लॅटफॉर्मवर मार्जिनसाठी पैसे पाठवायला परवानगीच नाही, म्हणून माझ्यासारखे बरेच जण गप्प बसतात. रिझर्व्ह बँकेची अनधिकृत प्लॅटफॉर्मची यादी सप्टेंबर २०२२ पासून वेबसाइटवर आहे. यादीत नाव नाही म्हणजे परवानगी आहे, असंही नाही.

परवा यार्डात एका तोलाईदारानं मोबाइल पुढं केला. "दिवाणजी, बघा, पाच महिन्यांत एक पण लॉस नाही." मी विचारलं, आत्ता उघडे सौदे किती औंसांचे आहेत? त्याला माहीत नव्हतं.