खिडकीचा उजेड की सॉफ्टबॉक्स : मांडणीच्या छायाचित्रांसाठी कशाची निवड करावी?

वस्तूंची नेटकी मांडणी करून त्यांची छायाचित्रे ब्लॉगवर किंवा समाजमाध्यमांवर देण्याचा उद्योग ज्यांनी काही महिने केला आहे, त्यांच्यापुढे आज ना उद्या एक प्रश्न उभा राहतोच : खिडकीच्या उजेडावरच भागवावे, की एक बरा एलईडी दिवा आणि त्याला सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करण्यासाठी दिव्यावर चढवायची, पुढे पांढरे कापड असलेली पेटी) घेऊन टाकावा? कॅमेरा कोणता असावा, फोन पुरेल का, या वादात मी येथे शिरत नाही, कारण उजेड जमला की बहुतेक फोन पुरतात आणि तो नाही जमला तर महागडा कॅमेराही फारशी मदत करत नाही. मी चार वर्षे खिडकीपाशी काढली आणि गेली दोन वर्षे बहुतांश काम दिव्यावर करतो आहे. त्यामुळे माझे मत अगदी तटस्थ आहे असे म्हणवत नाही. पण खिडकीचे ऋण मी विसरलेलो नाही, एवढे नक्की.

आधी त्या ऋणाविषयी. उजेड मऊ पडेल की कडक, हे तो जिथून येतो ती जागा वस्तूच्या मानाने किती मोठी आहे यावर ठरते. दीड मीटर रुंद खिडकीपासून हातभर अंतरावर ठेवलेल्या कपाच्या दृष्टीने ती खिडकी म्हणजे एक अख्खी भिंतच असते, म्हणून त्याच्या सावलीची कड कुठे संपते ते सांगता येत नाही. डच चित्रकार योहानेस व्हर्मीर (१६३२–१६७५) यांच्या कितीतरी चित्रांत डाव्या हाताच्या खिडकीतून येणारा असाच उजेड टेबलावर, कापडावर आणि भांड्यांवर पडलेला दिसतो, आणि आजही बाजूने उजेड घेऊन केलेली मांडणी पाहिली की डोळ्यांना ती ओळखीची वाटते. साठ सेंटिमीटरच्या सॉफ्टबॉक्सकडून हाच मऊपणा मिळवायचा तर तो चौकटीच्या अगदी कडेपर्यंत, फोटोत यायला दोन बोटे उरतील इतका जवळ आणावा लागतो.

चकचकीत वस्तूंच्या बाबतीत तर खिडकी उघडपणे सरस आहे. चमच्याच्या फुगीर पाठीकडे जवळून पाहा : खिडकीपाशी त्यात गजांची किंवा तावदानांची छोटी वाकडी चौकट उमटते आणि पाहणाऱ्याला हे घर आहे असे आपोआप वाटते. सॉफ्टबॉक्सखाली त्याच चमच्यात एक पांढरा चौकोन दिसतो, उजेड पसरवणारे पुढचे कापड (डिफ्यूझर) पातळ असेल तर त्याच्या मधोमध जास्त उजळ ठिपकाही दिसतो, आणि चित्रातले घरपण तिथेच संपते. यावर माझ्याकडे अजून समाधानकारक उपाय नाही. कापडाचा आणखी एक पदर लावून मी वेळ निभावतो.

खिडकीच्या नेहमीच्या तक्रारी वाचकांना ठाऊकच असतील. सूर्य ताशी १५ अंश सरकतो, ढग येतात, दिवसभर नोकरी करणाऱ्याच्या वाट्याला उजेडाचे तास येतच नाहीत. खिडकीबाहेर दाट झाड असेल तर पानांवरून आलेल्या उजेडाची हिरवट झाक पांढऱ्या बशीवर चढते, हे मात्र पुष्कळांच्या उशिरा लक्षात येते. तरीही या सर्व गोष्टी मी चार वर्षे सोसल्या, आणि त्यांच्यापायी दिवा घेतला असता असे मला वाटत नाही.

दिवा घेतला तो अंगठ्याच्या एका ठशामुळे. लिहिण्याच्या टेबलावरील साधनांची बारा छायाचित्रांची एक मालिका मी काढत होतो : रेघांची वही, शाईचे पेन, चुरगळलेला लिननचा रुमाल आणि पाण्याने अर्धा भरलेला काचेचा पेला. दुपार सारी त्यात गेली. रात्री चित्रे मोठ्या पडद्यावर उघडली, तेव्हा चौथ्या चित्रात पेल्यावर अंगठ्याचा ठसा स्वच्छ दिसत होता, आणि तोही नेमका अशा जागी की पाण्यातून वहीच्या रेघा वाकलेल्या दिसत होत्या. तो संगणकावर पुसायला गेलो तर रेघाही पुसल्या जात. म्हणून दुसऱ्या दिवशी तेवढे एकच चित्र पुन्हा काढायचे ठरवले. आभाळ भरून आले होते. आदल्या दिवशी पेल्याची सावली वहीवर लांब पडली होती. आता ती जवळजवळ नाहीशीच झाली आणि रुमालाचा पांढरा रंग निळसर दिसू लागला. तिसऱ्या दिवशी ऊन होते, पण मला सवड मिळाली ती दोन तास उशिरा, आणि सावली भलत्याच बाजूला गेली. शेवटी बाराच्या बारा चित्रे नव्याने काढावी लागली. हा प्रकार वर्षभरात तीनदा घडला. एकदा कापडावरच्या केसामुळे, एकदा उलट्या ठेवलेल्या पेनामुळे.

मांडणीच्या छायाचित्रणात चुका अशाच असतात, बारीक आणि उशिरा दिसणाऱ्या. खिडकीपाशी त्यांची शिक्षा सगळ्या मालिकेला भोगावी लागते. दिव्यापाशी ती एका चित्रापुरती राहते. आज माझ्या खोलीत जमिनीवर रंगीत चिकटपट्टीच्या तीन खुणा दिव्याच्या स्टँडसाठी आहेत, तीन ट्रायपॉडसाठी, आणि वहीत प्रत्येक मालिकेसाठी एक ओळ असते : दिव्याची उंची, त्याची शक्ती किती टक्के, उजेडाचा रंग ५६०० केल्विन, आणि कॅमेऱ्याचे शटर, ॲपर्चर, आयएसओ (चित्र किती उजळ येईल ते ठरवणारी तीन मापे). महिन्याभरानंतरही मी ती ओळ वाचून तीच सावली त्याच जागी पाडू शकतो. माझ्यापुरता तराजू इथेच झुकला, आणि एखाद्याला अशी दुरुस्ती कधी करावीच लागत नसेल तर त्याचा तराजू वेगळीकडे झुकेल, हेही मान्य करतो.

दिवा घेणाऱ्याने काही गोष्टी मात्र आधीच जाणून घ्याव्यात, कारण त्या मला कोणी सांगितल्या नव्हत्या. सॉफ्टबॉक्सच्या चार काड्या वाकवून कडीत बसवणे हे पहिल्या महिन्यात अंगावर येते. चौथी काडी बसेपर्यंत पहिली निसटते. ज्याला रोज दिवा उभारून पुन्हा कपाटात ठेवावा लागणार आहे, त्याला मांडणीचा उत्साह टिकवणे अवघड जाईल, तेव्हा छत्रीसारखा एका झटक्यात उघडणारा प्रकार पाहावा किंवा खोलीचा एक कोपरा कायमचा देऊन टाकावा. दुसरी गोष्ट उजेडाच्या ओसरण्याची. दिव्यापासून अंतर दुप्पट झाले की उजेड साधारण चौथ्या हिश्श्यावर येतो. सॉफ्टबॉक्स अगदी जवळ असेल तर घट थोडी कमी असते, पण तरीही समोरचा पेला उजळलेला आणि मागची वही अंधारात, असे चित्र नवख्याच्या हातून हमखास निघते. दिवा मागे नेला तर हा फरक कमी होतो, पण सावल्या कडक होतात. मी दिवा थोडाच मागे घेतो आणि पलीकडच्या बाजूला पांढरा फोम बोर्ड उभा करतो. सावली गडद हवी असेल तर त्याच जागी काळा बोर्ड ठेवतो.

रंगांच्या बाबतीत खोक्यावरच्या आकड्यावर विसंबू नये, असे मी नम्रपणे सुचवेन. दिव्याचा रंगदर्शन निर्देशांक (सीआरआय, म्हणजे त्याच्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचे माप) म्हणून जो एक आकडा छापतात, तो आठ फिकट नमुन्यांच्या सरासरीवरून काढलेला असतो, आणि गडद लाल रंगाचा नमुना त्या आठांत नसतो. माझ्या पहिल्या दिव्याचा आकडा चांगला होता, तरी त्याच्याखाली माझ्या किरमिजी पुठ्ठ्याच्या वहीचा रंग विटकरी दिसायचा. लाल रंगाचा आकडा वेगळा दिलेला असेल तर तो पाहावा. नसेल तर एखादी गडद लाल वस्तू दिव्याखाली धरून खात्री करून घ्यावी. मंद केल्यावर काही दिवे डोळ्यांना न दिसणाऱ्या वेगाने लुकलुकतात आणि फोटोत आडवे काळसर पट्टे उमटवतात. शटर १/१००० सेकंदावर ठेवून कोऱ्या भिंतीचे एक चित्र काढले की हा दोष लगेच उघड होतो.

आणि दिवा लावल्यावर खिडकीवर पडदा ओढावा, छताचा बल्ब बंद करावा. सुमारे २७०० केल्विनचा पिवळा बल्ब आणि दिवसाचा उजेड एकाच पेल्यावर पडला की त्याची एक बाजू निळी व दुसरी पिवळी होते, आणि कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (पांढरे पांढरेच दिसावे म्हणून केलेली रंगांची जुळवणी) त्यांपैकी एकीचीच समजूत घालू शकतो. फोनवर काढणाऱ्यांनी तर व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर (चित्र किती उजळ यावे ते) दोन्ही बांधून ठेवावेत. ते स्वयंचलित राहिले तर दिवा स्थिर असूनही फोन प्रत्येक चित्रागणिक रंग बदलतो आणि दिव्यावर केलेला खर्च वाया जातो.

फ्लॅशचा विचार मीही केला होता. त्याची ताकद मोठी आहे, परंतु सावली कुठे पडणार हे सहसा बटण दाबल्यानंतरच कळते, आणि रुमालाची एक घडी बोटभर सरकवून परिणाम पाहत बसणाऱ्या माझ्यासारख्याला ते सोसवत नाही.

ज्यांना आठवड्याला एखादे सुटे चित्र हवे असते, ज्यांची दुपार मोकळी असते, किंवा ज्यांच्या चौकटीत वस्तूंबरोबर माणसाचा चेहरा आणि हातही असतात, त्यांनी खिडकी सोडण्याची घाई करू नये. चेहऱ्यावर खिडकीचा उजेड जसा विसावतो तसा माझ्या दिव्याचा अजून विसावलेला नाही. मालिका काढणाऱ्यांनी, तीच वस्तू सहा महिन्यांनी पुन्हा दाखवावी लागणाऱ्यांनी आणि रात्रीच मोकळे होणाऱ्यांनी मात्र दिव्याकडे वळावे, असे माझे मत आहे. माझ्या खिडकीवर आता जाड काळा पडदा असतो. एकच चित्र काढायचे असले की तो मी अजूनही बाजूला सारतो, आणि अशा दिवशी पेला दोनदा पुसून उजेडाकडे धरून पाहतो.