जुने लुगडे शिवायला घेताना: सुती की रेशमी?

सहा वर्षांपूर्वी पंचवटीतला आत्याचा वाडा उतरवायचे ठरले, तेव्हा माळ्यावरच्या लोखंडी ट्रंकेतून पाच सुती लुगडी, तीन रेशमी लुगडी, धोतरांच्या दोन जोड्या आणि पितळी डबाभर शिंपल्यांची बटणे निघाली. डब्याचा आणि बटणांचा निर्णय सोपा होता. डबा भांडी बाजारात मोड म्हणून वजनावर गेला असता, तो मी सुया-दोऱ्यांसाठी ठेवून घेतला. कापडाचा निर्णय करायला मात्र मला दोन वर्षे आणि एका रेशमी लुगड्याचा बळी लागला. अशीच ट्रंक आपल्यापुढे उघडी असेल आणि आधी कशाला कात्री लावावी असा प्रश्न पडला असेल, तर हा अनुभव उपयोगी पडावा.

प्रथमदर्शनी रेशीमच मन ओढून घेते, आणि त्यात गैर काही नाही. चाळीस-पन्नास वर्षे घडीत राहूनही डाळिंबी रंगाची झाक तशीच असते, वजन हाताला जाणवत नाही आणि काठाची जरी उजेडात धरली की शिवणाऱ्याला आपण फार काही न करताही वस्तू सुंदर होणार अशी खात्री वाटते. सुती लुगडे त्यामानाने सामान्य दिसते. ते धुऊन धुऊन विरलेले असते, घडीच्या रेषांवर पिवळे पडलेले असते आणि कुठेतरी हळदीचा डागही असतो. म्हणून मी सुरुवात रेशमाने केली. उशांचे चार अभ्रे आणि मेजावर घालायची एक पट्टी अशी योजना होती.

अभ्रे शिवून झाले तेव्हा देखणे झाले होते. तिसऱ्या महिन्यात पहिला अभ्रा फाटला, आणि तो शिवणीवर फाटला नाही, शिवणीच्या शेजारी दोराभर अंतरावर फाटला. ही गोष्ट मी मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण माझ्यापुरता निर्णय तिनेच केला. शिवण शाबूत होती, दोरा शाबूत होता, फक्त त्याच्या कडेचे रेशीम सरळ रेषेत उकलले होते. दुसऱ्या अभ्र्याला मी आतून धुतलेल्या मलमलीचे अस्तर लावले, यंत्राऐवजी हाताने टाके घातले आणि शिवणीसाठी दुप्पट कापड सोडले. तो पाच महिने टिकला आणि तसाच उकलला. पुढे अस्तर चिकटवून घेण्याचाही प्रयोग केला, तेव्हा चिकटवलेला भाग ताठ राहिला आणि त्याच्या कडेवर नवी भेग पडली. शेवटी आडगावकडच्या गोधड्या शिवणाऱ्या एका मावशींना ते कापड दाखवले. त्यांनी ते दोन बोटांत धरून हलकेच ताणले आणि एवढेच म्हणाल्या, “दादा, ह्याला आता सुई सोसायची नाही.”

त्यामागचे कारण पुढे लक्षात आले. रेशमाचा धागा उजेडाने, घामाने आणि धुण्याच्या सोड्यासारख्या क्षारांनी आतून कमकुवत होत जातो, पण त्याची चमक तशीच राहते, त्यामुळे डोळ्यांना त्याचा पत्ता लागत नाही. ओले झाल्यावर रेशमाची ताकद आणखी घटते, उलट सुताची वाढते. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, आपटून धुतलेले सुती लुगडेही पुढे गोधडीत घालता येते. सुताला ठिगळ लावता येते आणि दोन धुण्यांत ते ठिगळ मूळ कापडात मिसळूनही जाते. जीर्ण रेशमाला ठिगळ लावायचे म्हटले, तर ते ज्याच्यावर टाचायचे ते भोवतालचे कापडही तितकेच जीर्ण असते.

डागांच्या बाबतीतही हाच फरक पडतो. सुतावरचा हळदीचा डाग साबणाने नुसता लाल होतो, पण लुगडे धुऊन दोन दिवस कडक उन्हात टाकले की बराचसा उडून जातो. रेशमाला हा उपाय करता येत नाही, कारण जे ऊन डाग काढते तेच धागा खाते. जरीचेही तसेच आहे. चांदीची जरी हवेने काळवंडते आणि तांब्याच्या तारेची हिरवट पडते, पण दोन्ही घासून उजळायला जावे तर आतला दोरा तुटतो.

सुताचे दोष लपवावेत असे मला वाटत नाही. लाल आणि जांभळे रंग पहिल्या दोन-तीन धुण्यांत सुटतात, म्हणून प्रत्येक लुगडे शिवण्यापूर्वी वेगळे भिजवून पाहावे लागते. गोधडी ओली झाली की जड होते, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ती वाळवणे म्हणजे खरोखर परीक्षा असते, त्यामुळे धुणे दसऱ्यापर्यंत लांबवणेच बरे. काळ्या चंद्रकळेबाबतही सावध राहावे, कारण हिरडा आणि लोखंड वापरून काढलेला जुना काळा रंग सूतही ठिसूळ करतो. खळ न काढता ठेवलेल्या लुगड्याला कसर लागते. ट्रंकेच्या गंजाचे डाग पडले असतील तर तेवढा भाग मोकळ्या मनाने कापून टाकावा.

नऊवारी सुती लुगड्यात कासोट्याचा आणि बसण्याचा भाग सर्वांत आधी विरतो, तर पदराकडचा आणि निऱ्यांचा बऱ्यापैकी मजबूत राहतो. माझ्या पाचांपैकी प्रत्येकात पाच-सहा वार कापड चांगले निघाले. पन्हा साधारण ४५ इंच धरला, तर पाच फूट बाय सात फूट गोधडीच्या दोन्ही बाजूंना दोन लुगडी पुरतात, आणि आत धोतरांचे तीन-चार थर घालून बारीक धावदोरा घातला की काम झाले. अशा दोन गोधड्या गेली चार वर्षे रोज वापरात आहेत. एकीला तीन ठिगळे लागली आहेत आणि ती लावताना मला कधी वाईट वाटले नाही.

याचा अर्थ रेशीम निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. ताण येत नाही आणि धुवावे लागत नाही अशा ठिकाणी, म्हणजे काचेच्या चौकटीत बसवलेला पदराचा तुकडा किंवा सणापुरते काढायचे तोरण, अशा कामात त्याची बरोबरी सूत करू शकत नाही. ज्यांचा हात माझ्याहून हलका असेल त्यांना कदाचित अभ्रेही साधतील. मात्र जुनी येवल्याची पैठणी धड असेल तर ती कापूच नये असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, आणि जरी जाळून चांदी काढणाऱ्यांच्या हाती तर ती मुळीच देऊ नये. जरीच्या त्या चिमूटभर चांदीसाठी कितीतरी उत्तम काठ राख झाले आहेत.

तरीही रेशमाला हात घालायचाच असेल, तर आधी कडेचा एक धागा काढून जाळून पाहावा. केस जळल्याचा वास आला तर रेशीम आणि कागदाचा आला तर आर्ट सिल्क, म्हणजे रेयॉनचे नकली रेशीम समजावे, जे ओले झाल्यावर रेशमाहूनही लवकर हार मानते. त्यानंतर घडीची रेषा उजेडासमोर धरावी आणि तिथेच उभा व आडवा असा दोन्ही बाजूंनी बेताचा ताण देऊन पाहावा. बारीक करकर जरी ऐकू आली, तरी कात्री बाजूला ठेवावी.

माझ्याकडची उरलेली दोन रेशमी लुगडी न कापता धुतलेल्या मलमलीत गुंडाळून जाड नळीवर ठेवली आहेत, म्हणजे त्यांना नवी घडी पडणार नाही. सुती लुगड्यांपैकी पाचवे गेल्या आठवड्यात भिजवून वाळवले, आणि त्याचा इरकली काठ धाकट्या भाच्याच्या दुपट्याला लावायचे चालले आहे.