एफपीएस घसरलेत: साफसफाई, रॅमची दुसरी पट्टी की नवं ग्राफिक्स कार्ड?

दापोली-गुहागरपासून मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत, समुद्राच्या वाऱ्यावर चार-पाच वर्षं काढलेला पीसी. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ सारख्या गेममध्ये एके काळी शंभरावर एफपीएस देणारा, आता पन्नास-साठवर रखडणारा. अशा वेळी तीन वाटा दिसतात: उघडून साफ करून प्रोसेसर आणि कूलरमधली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलणं, रॅम वाढवणं, नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा ऑनलाइन ग्राफिक्स कार्ड मागवणं. बरेच जण त्याआधी चौथीच वाट धरतात, इंटरनेटचा मोठा प्लॅन घेतात. ती आधी बाजूला काढू.

एफपीएस म्हणजे तुमचा संगणक एका सेकंदात किती चित्रं काढतो ते. ६० एफपीएसला एका चित्रासाठी १६.७ मिलिसेकंद मिळतात, ३० ला ३३.३. हे काम घरातल्या डब्यातच होतं, प्लॅन १०० एमबीपीएसचा असो की ३०० चा. पिंग वेगळा, तो सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ. व्हॅलोरंटच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये स्टॅट्स नावाचा भाग आहे. तिथे क्लायंट एफपीएस, नेटवर्क आरटीटी (हाच पिंग) आणि पॅकेट लॉस (वाटेत हरवलेली माहिती) हे तिन्ही आकडे चालू करा. समोरचा खेळाडू उड्या मारत पुढे-मागे होतोय पण एफपीएस ९० वर स्थिर आहे, तर दोष नेटचा. मग राउटरपासून लॅन केबल ओढा, कारण चिऱ्याच्या जाड भिंती दोन खोल्यांत वाय-फायचा जीव काढतात. माउस फिरवला की सगळं दृश्यच अडखळत असेल, तर पुढे वाचा.

पैसे खर्च करण्याआधी वीस मिनिटं मोजणीला द्या. एचडब्ल्यूइन्फो ६४ हे तापमान आणि वेग दाखवणारं सॉफ्टवेअर चालू ठेवून एकच मॅप सलग खेळा आणि एफपीएस कधी पडतात ते बघा. पहिली पाच-सात मिनिटं ११० आणि मग हळूहळू ६०, तर कारण उष्णता. पहिल्या मिनिटापासूनच कमी, तर उष्णतेचा संबंध बहुधा नाही, रॅम आणि कार्डाकडे बघा. सरासरी चांगली, पण दर थोड्या वेळाने झटका बसतो, तर संशय रॅमवर किंवा मागे चालणाऱ्या एखाद्या प्रोग्रॅमवर. या तीन खुणा तिन्ही वाटा वेगळ्या करतात.

फुकटातले दोष याच वेळी तपासा. मॉनिटरची केबल कार्डाऐवजी मदरबोर्डच्या पोर्टात खोचलेली असते, हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा घडतं. टॉवर पीसीत मागच्या बाजूला वरचे उभे पोर्ट मदरबोर्डचे, खालचे आडवे कार्डाचे. १४४ हर्ट्झचा मॉनिटर विंडोजमध्ये ६० वरच राहिलेला असू शकतो. लॅपटॉप असेल तर चार्जरचे वॅट बघा: मूळचा १५० वॅटचा जळाला म्हणून ६५ वॅटचा लावला, तर यंत्र चालेल पण गेम रांगेल. पावसात लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर येतो आणि एफपीएस निम्म्यावर येतात. तो व्हायरस नव्हे, वीज वाचवण्यासाठी यंत्र स्वतःच वेग कमी करतं. कमी व्होल्टेजमुळे डेस्कटॉपचे एफपीएस मात्र कमी होत नाहीत. एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, एकतर पुरेसा पुरवठा देतो, नाहीतर पीसी बंद पडतो. त्यामुळे एफपीएससाठी स्टॅबिलायझर घेऊ नका.

साफसफाई आणि पेस्ट

किनाऱ्यावर ही वाट पहिली, आणि त्याचं कारण हवेत आहे. तांबड्या मातीची बारीक धूळ, वाऱ्यासोबत येणारं मीठ आणि ओल मिळून हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांत नमदा बसतो. हवेतला दमटपणा साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेला की मीठ हवेतलं पाणी ओढून घेऊन विरघळतं. पावसाळ्यात आपल्याकडे हवा बहुतेक दिवस त्याच्या वरच असते. म्हणून ही धूळ पुण्याच्या धुळीसारखी फुंकरीने उडत नाही, चिकटून बसते. वर मे महिन्यातला उकाडा: खोली जितके अंश तापते, जवळपास तितकेच अंश आतला प्रोसेसरही वर चढतो. बऱ्याच इंटेल प्रोसेसरची मर्यादा १०० अंश, एएमडीच्या रायझन ५ ५६००जी ची ९५. तिथे पोचला की तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग पाडतो. एचडब्ल्यूइन्फोमध्ये थर्मल थ्रॉटलिंगपुढे ‘येस’ दिसलं की निदान झालं.

काम असं करायचं. प्लग काढा, मग पॉवर बटण दहा सेकंद दाबून ठेवा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरा, नाहीतर पंखा भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जातं. चिकट थर मऊ ब्रश आणि ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढा. औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं नको, त्यात पाणी जास्त. कूलर काढताना एएम४ सॉकेटच्या रायझनवाल्यांनी (यात पिना प्रोसेसरलाच असतात) विशेष जपायचं: आधी पीसी दहा मिनिटं चालवून पेस्ट गरम होऊ द्या, मग वीज तोडा आणि कूलर डावीकडे-उजवीकडे हलका पिळत उचला. सरळ ओढलात तर वाळलेल्या पेस्टसोबत प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. नवी पेस्ट वाटाण्याएवढी, मधोमध. स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांत थोडे थोडे करून आवळा. इंटेलच्या सोबत येणाऱ्या कूलरला चार खुंट्या असतात. त्यातली एक जरी नीट बसली नाही तरी तापमान मिनिटभरात शंभरावर जातं, आणि लोक उगाच पेस्टला दोष देतात.

खर्च काही शे रुपयांचा, वेळ दोन तासांचा. निदान उष्णतेचं असेल तर गेलेले एफपीएस इथेच परत मिळतात. मात्र पीसी नवा होता तेव्हाही ५० च देत असेल, तर साफ करून ते ८० होणार नाहीत.

रॅमची दुसरी पट्टी

वेगळं कार्ड नसेल आणि ५६००जी सारख्या प्रोसेसरच्या आतल्याच ग्राफिक्सवर गेम चालत असेल, तर कार्डाच्या आधी दुसरी पट्टी घ्यावी असं आमचं स्पष्ट मत आहे. आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमच वापरतं. डीडीआर४ ३२०० ची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ गिगाबाइट माहिती पुरवते. दोन असल्या की ५१.२. ८ जीबीची एकच पट्टी म्हणजे साकवावरून एसटी नेण्यासारखं आहे. चार खाचा असतील तर बहुतेक बोर्डांवर पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत घालायच्या. नंतर बायोसमध्ये (पीसी चालू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे पट्टीचा पूर्ण वेग, चालू करा, नाहीतर ३२०० ची पट्टी बऱ्याचदा २१३३ किंवा २४०० वरच पळत राहते. दोन पट्ट्या वेगवेगळ्या वेगाच्या असतील तर दोन्ही मंद पट्टीच्या वेगाने चालतात.

पण विकत घेण्याआधी टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा आकडा बघा. किनाऱ्यावरच्या पीसीत १६ जीबीचे ८ झालेले सापडतात, कारण एका पट्टीच्या सोनेरी संपर्कांवर खाऱ्या दमटपणाचा थर बसून ती बोर्डाला दिसेनाशी होते. पट्टी काढा, संपर्क अल्कोहोलच्या फडक्याने पुसा, खाच ब्रशने झाडा, पुन्हा ‘टक’ आवाज येईपर्यंत बसवा. इथे नवी रॅम लागतच नाही.

वेगळं कार्ड आहे आणि रॅम १६ जीबी आहे, तर आणखी रॅमने सरासरी एफपीएस फारसे हलत नाहीत. एसएसडीचंही तसंच: मॅप लवकर उघडतो, झटके कमी होतात, एफपीएस तेच.

ग्राफिक्स कार्ड

सर्वांत महाग, आणि चुकीचा ठरण्याची शक्यताही सर्वांत जास्त. चाचणी सोपी आहे: गेमचं रिझोल्यूशन १९२०×१०८० वरून १२८०×७२० करा. एफपीएस खूप वाढले तर कार्ड कमी पडतंय. जागचे हलले नाहीत तर प्रोसेसर अडवतोय, आणि नवं कार्ड तिथे काहीच करणार नाही. व्हॅलोरंट आणि कमी सेटिंगवरचं काउंटर-स्ट्राइक २ बऱ्याचदा प्रोसेसरवरच अडतात.

कार्ड घ्यायचंच ठरलं तर एसएमपीएस बघा. मदरबोर्डची खाच जास्तीत जास्त ७५ वॅट देते. जीटीएक्स १६५० ची बरीच मॉडेलं तेवढ्यात भागवतात. आरएक्स ६६०० ला १३२ वॅट आणि आठ पिनांची वेगळी केबल लागते, म्हणजे कॅबिनेटसोबत आलेला बिननावाचा एसएमपीएस बदलण्याचा खर्च त्यात धरा. ५६००जी वर आरएक्स ६५०० एक्सटी टाळा: हे कार्ड मदरबोर्डशी जोडणाऱ्या चारच लेन (माहितीच्या वाटा) वापरतं, आणि हा प्रोसेसर पीसीआयई ३.० या जुन्या, कमी वेगाच्या जोडणीच्या पुढे जात नाही, त्यामुळे कार्डाची ताकद वाटेतच अडते. सेकंडहँड घेताना किनाऱ्यावरचंच कार्ड असेल तर आधी स्क्रू आणि मागची पट्टी बघा. तिथे गंज असेल तर आतल्या सोल्डरची अवस्थाही तशीच धरा.

घर वर्षभर बंद आणि पीसी फक्त गणपतीत चालू होत असेल, तर कुठलाही भाग मागवण्याआधी एक दिवस थांबा. बाजूचं झाकण काढून टेबलफॅनसमोर सात-आठ तास वाळू द्या, पाली-मुंग्यांनी आत घर केलंय का ते टॉर्चने बघा, आणि ओल धरणाऱ्या भिंतीपासून कॅबिनेट हातभर दूर ठेवूनच पहिलं बटण दाबा.